गंज, बाबा आणि साडेसहा हजार रुपये

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हटलं की माझी तारांबळ उडते. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात! पण हा विषय मला बाबांना मराठीतच समजावून सांगावा लागला, म्हणून तुम्हालाही मराठीतच.

अक्षय्य तृतीयेला आमच्या घरी पहिली गाडी येणार होती. बुकिंगच्या वेळी शोरूममधला सेल्समन म्हणाला, "सर, अँटी-रस्ट कोटिंग करूनच घ्या. साडेसहा हजार फक्त. कोकणात त्याशिवाय गाडी टिकत नाही." बाबा शाळामास्तर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गाडी कर्जावर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग." तीन वर्षं फी भरल्यावर पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं होतं! मी दोन दिवस मागून घेतले.

गंज चढायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. पत्र्यावर जिथे ओल टिकते तिथे एक छोटासा विद्युत सेलच तयार होतो. त्या ओलीत मीठ असेल तर प्रवाह जास्त सहज वाहतो आणि पत्रा भराभर खाल्ला जातो. हे आपण फर्स्ट इयरला शिकलो आणि पेपर झाल्यावर विसरलो.

कारखान्यात याचा विचार आधीच केलेला असतो. गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून त्यातून वीज सोडतात. सुमारे 20 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ थर कानाकोपऱ्यात चिकटतो. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यांना जस्ताचा मुलामाही असतो. ओरखडा पडला तर आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. म्हणून पुण्यात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने पैसे खर्च करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथली गोष्ट वेगळी.

पण आमचं घर रत्नागिरीला, मिऱ्याला. पावसाळ्यात समुद्राचे तुषार खिडकीपर्यंत येतात. मासळीच्या ट्रकमधून खारं पाणी रस्ताभर ठिबकत असतं. म्हणजे मीठ आमच्याकडेही आहेच की!

मग घ्यायचं का कोटिंग? इथे मला मालवणच्या मामाची जुनी व्हॅन आठवली. तिला खालून काळं कोटिंग मारलेलं होतं. एकदा मॅट उचलली तर खाली चक्क रस्ता दिसला! कोटिंग दगड लागून तडकलं होतं, खारं पाणी आत शिरून तिथेच बसलं होतं, आणि वरून सगळं काळंभोर, छान. मामाला कळणार कसं?

मी बाबांना म्हटलं, आधी गाडी रॅम्पवर चढवून बघूया. सेल्समनला ते फारसं आवडलं नाही. चाकांच्या वरच्या भागात कंपनीचा रबरासारखा जाड थर आधीच होता. त्याच्यावरच हे पुन्हा फवारणार होते. खरी काळजी दारांच्या आतल्या आणि दारांखालच्या पोकळ पत्र्याची. तिथे पाणी आत राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी निघून जावं म्हणून तिथे बारीक भोकं ठेवलेली असतात. घाईत फवारणी केली तर नेमकी तीच बुजतात. "आतून मेण मारता का?" मी विचारलं. "ते पॅकेजमध्ये नाही, मॅडम."

पॅकेज आम्ही नाकारलं. गाडी घरी आल्यावर, पहिल्या पावसाच्या आधी, ओळखीच्या गॅरेजात पोकळ भागांत मेणाचा फवारा मारून घेतला. पत्रा कोरडा आणि स्वच्छ असतानाच हे करायचं. नवीन भोक एकही पाडू दिलं नाही, कारण तसं केलं तर कंपनीच्या गंजाच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. डिलिव्हरीआधी ती पुस्तिका नक्की वाचा, मी दोनदा वाचली. खर्च साडेसहा हजारांच्या निम्म्याहून कमी आला.

राहिलं धुणं. बाबा दर रविवारी पाइप घेऊन गाडी खालून धुतात. पहिल्या रविवारी त्यांनी विहिरीचा पंप लावला आणि मी धावत जाऊन तो बंद केला. आमची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते! आता नळाला पाणी येईल तेव्हाच गाडीची आंघोळ. आई म्हणते, गाडी आल्यापासून माझे हंडे मागे पडले.

माझा हिशोब बरोबर होता का, ते पाच-सहा वर्षांनी कळेल. परवा बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "मॅट उचलून बघितली. अजून रस्ता दिसत नाही."