दोन सारखीं मतें आणि न्यायालय

दोघे मित्र निम्मेनिम्मे भाग घेऊन एक खाजगी कंपनी काढतात. दोघेही संचालक, दोघांचीं मतें सारखीं. मनें जुळलेलीं असतात तोंवर याहून न्याय्य व्यवस्था दुसरी नाहीं असें वाटतें. पण मनें दुभंगलीं कीं हीच समानता गळफांस होते. ठरावाच्या बाजूस एक व विरुद्ध एक मत पडलें कीं ठराव बारगळला. संचालकांच्या सभेस निदान दोघे हजर लागतात. म्हणून एकानें घरीं बसावयाचें ठरविलें तरी सभा भरत नाहीं. हिशेब मंजूर होत नाहींत, चेकवर दुसरी सही होत नाहीं. बरें, कंटाळून बाहेर पडावें, तर खाजगी कंपनीचे भाग वाटेल त्यास विकतां येत नाहींत. अशा कोंडींत न्यायालय काय देऊं शकतें, हें आज पाहूं.

या विषयांतील प्रसिद्ध खटला इंग्लंडांतील, १९१६ सालचा. वाइनबर्ग व रॉथमन या दोन सिगारेट-उत्पादकांनीं आपले धंदे एकत्र करून येनिजे टोबॅको कंपनी काढली. दोघांचा मताधिकार समान. नियमावलीप्रमाणें एक वाद लवादाकडे गेला. त्यापायीं हजार पौंडांहून अधिक खर्च झाला, पण निवाडा अंमलांत आणण्यास रॉथमन तयार होईना. त्यानें वाइनबर्गवर फसवणुकीचा दावाही लावला. दोघांचें बोलणें खुंटलें. निरोप चिटणिसामार्फत जाऊं लागले. नवल असें कीं, कंपनीला नफा मात्र उत्तम होत होता! मग ती मोडावयाची कशाला? अपील न्यायालयानें सांगितलें कीं, ही कंपनी नांवाची. वस्तुतः ती भागीदारीच आहे. ज्या कारणांसाठीं भागीदारी मोडतां येते, त्याच कारणांसाठीं अशी कंपनीही विसर्जित करणें ‘न्याय्य व समुचित’ होय.

मात्र या तत्त्वास मर्यादा आहेत. कंपनी परस्परविश्वासावर उभारलेली होती काय, सर्वांनीं कारभारांत भाग घ्यावा अशी समजूत होती काय, भाग विकण्यावर बंधन होतें काय, हें पाहावें लागतें. ब्रिटनच्या लॉर्डसभेनें १९७२ सालीं एब्राहिमी खटल्यांत या कसोट्या स्पष्ट केल्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं हिंद ओव्हरसीज खटल्यांत विसर्जनाची मागणी फेटाळतांना बजावलें कीं, केवळ एकमेकांवरील विश्वास उडाला एवढ्यावरून कंपनी मोडतां येत नाहीं.

भारतांत हें काम २०१६ पासून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे आहे. त्याचें एक पीठ मुंबईस आहे. २०१३ च्या कायद्यान्वयें त्याच्या हातीं तीन मुख्य उपाय आहेत. पहिला उपाय सौम्य. भागधारकांची सभा भरणें अशक्य झालें असेल तर न्यायाधिकरण ती भरवितें, आणि एकच सभासद हजर असला तरी ती सभा समजावी असेंही फर्मावूं शकतें. दुसरा उपाय, एकाचे भाग दुसऱ्यानें विकत घ्यावे असा हुकूम. त्यामुळें धंदा जिवंत राहतो व बाहेर पडणाऱ्यास मोल मिळतें. पण येथें नुसती मतांची बरोबरी पुरत नाहीं. कारभार जुलमी अथवा अपायकारक रीतीनें चालला आहे हें सिद्ध करावें लागतें. तिसरा व अखेरचा उपाय विसर्जन. तेथें लिक्विडेटर मालमत्ता विकतो, देणीं भागवितो आणि उरेल तें वांटतो. चालत्या धंद्याची पत व कामगारांची भाकरी यांस त्यांत जागा उरत नाहीं. म्हणूनच दुसरा रास्त मार्ग असतां जो हट्टानें विसर्जन मागतो, त्यास न्यायाधिकरण नकार देऊं शकतें.

न्यायालय माणसांना वेगळें करूं शकतें. तुटलेला विश्वास सांधणें त्याच्या हातीं नाहीं. तेव्हां वेगळें होण्याची रीत स्नेह आहे तोंवरच नियमावलींत लिहून ठेवावी. आपल्याकडे भाऊ वेगळे होतांना एकानें वांटे पाडावे व दुसऱ्यानें आधीं उचलावा, अशी रीत सांगतात. तीच येथें लागू पडते: एकानें भाव बोलावा, आणि त्या भावानें घ्यावयाचें कीं द्यावयाचें हें दुसऱ्यानें ठरवावें. एकाची थैली दुसऱ्याहून फार मोठी असेल तर मात्र ही रीतही अन्यायाची ठरते. तेथें भाव त्रयस्थ हिशेबतपासनिसानें ठरवावा हें बरें.