जुनी चाकं, जुन्या वाटा (भाग ७) : बागेतही चालणारी, लग्नालाही जाणारी

यावल-रावेरच्या पट्ट्यात केळीच्या बागेला वर्षभर पाणी लागतं, त्यामुळे काळ्या मातीचा चिखल उन्हाळ्यातही सुटत नाही. ट्रॅक्टर त्यातून सहज निघतो, पण घरच्यांना घेऊन धुळ्याच्या लग्नाला जायला तो काय कामाचा? सकाळी बांधावर आणि दुपारी मांडवापुढे उभी राहील अशी एकच गाडी हवी, ही खान्देशातल्या शेतकऱ्याची गरज होती. महिंद्राच्या जीपने ती भागवली.

अमेरिकेत ही गरज विलीज-ओव्हरलँड कंपनीने ओळखली. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने आखलेली, जीपच्या घराण्यातली पोलादी बॉडीची स्टेशन वॅगन कंपनीने बाजारात आणली. तोवर अशा बहुतेक गाड्यांच्या बॉडीला लाकूड वापरत आणि ते पावसात कुजे. स्टीव्हन्सने पत्र्यालाच लाकडी चौकटीसारखे उठाव आणि रंग दिले. १९४९ मध्ये तिला फोर-व्हील ड्राइव्ह मिळाली. पुढे १९६२ अखेर त्याचीच वॅगोनीर आली. चारी चाकांच्या ताकदीला ऑटोमॅटिक गिअरची जोड मिळाली आणि कुटुंबाला ऐसपैस बसता येऊ लागलं. फारसं रूप न पालटता ती १९९१ पर्यंत विकली गेली.

त्याच विलीजची जीप आपल्याकडे महिंद्राने आणली. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झालेली ही कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. सुटे भाग मागवून मुंबईत माझगावला जीपची जोडणी होऊ लागली. आपल्या ओळखीची उंच बोनेटची जीप म्हणजे सीजे-थ्री-बी. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर आले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बोनेट वर गेलं. मला ते उंच नाक फार आवडतं, कारण ते सजावटीसाठी नाही, गरजेतून आलेलं आहे.

या जीपमध्ये मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे असतात. एकाने पुढची चाकं इंजिनाला जोडायची, दुसऱ्याने ‘लो’ टाकायचा. लोमध्ये चाकं सावकाश फिरतात, पण जोर कितीतरी वाढतो. पाल किंवा तोरणमाळच्या बाजूला निसरड्या चढावर ब्रेक-क्लचशी झगडा न करता गाडी चढते, ती यामुळे. डांबरी रस्त्यावर मात्र पुढची चाकं सोडवायलाच हवीत. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक घसरून निघून जातो, डांबरावर तो शाफ्टला पीळ देतो. दांडा अडकून बसतो, टायर झिजतात.

राखलेली जीप ओळखायची असेल तर रंगाकडे पाहू नका. खाली वाका आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूचा गोल, गुळगुळीत लोखंडी गोळा पाहा. चाक वळतं ते त्याच्यावर. त्यावर नमद्याचा सील घासत राहतो आणि तेलाचा पातळ थर पसरवतो. गोळा चकचकीत असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं वेळेवर तेल-ग्रीस केलंय. त्यावर जंगाचे खड्डे असतील तर सील फाटणार, पाणी आत शिरणार. मग वर क्रोम लावून काय उपयोग? रुंद टायर, दिव्यांच्या रांगा, चमकती लोखंडी फ्रेम, हे सगळं लावलेल्या गाड्या दिसतात तेव्हा वाईट वाटतं. मूळ सीट, सीटखालची पेट्रोलची टाकी, पुढे आडवी पडणारी काच, झिजलेला मूळ रंग, हे एकदा गेलं की परत मिळत नाही.

बॉडी चासीवर बोल्टने बसवलेली असल्यामुळे पत्रा सडला तरी गाडी संपत नाही. खेड्यातला मिस्त्रीही ती उतरवून, सांधून परत चढवू शकतो. तीन पिढ्या एकाच घरात जीप राहू शकते, ती या साध्या रचनेमुळे.

कागदपत्रांचं काय? पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ ही वेगळी नोंदणी आणली, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरांसह. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती यांसाठीच बाहेर काढायची. जी जीप अजून बागेत जाते, तिला माझ्या मते साध्या नोंदणीवरच राहू द्यावं. पुढच्या भागात डिझेल इंजिन बसवलेल्या जीपबद्दल.