महाराष्ट्राचे महाधिवक्ता

महाराष्ट्राचे महाधिवक्ता हे राज्य शासनाचे सर्वोच्च विधी अधिकारी असतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६५ नुसार प्रत्येक राज्यात हे पद असते. केंद्रात याच स्वरूपाचे पद भारताचे महान्यायवादी (अनुच्छेद ७६) हे आहे.

निवड व कार्यकाळ

या पदासाठी निवडणूक होत नाही. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची नेमणूक करतात. निश्चित मुदत नसून राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ती व्यक्ती पदावर राहते. अमेरिकेतील ५० पैकी ४३ राज्यांत मात्र तत्सम अधिकारी मतदार थेट निवडतात. बुलढाणा जिल्ह्यातील मतदार मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव व जळगाव (जामोद) या सात मतदारसंघांतून आमदार निवडतात; महाधिवक्त्यांच्या नेमणुकीवर त्यांचा प्रभाव विधानसभा व मंत्रिमंडळामार्फत, म्हणजे अप्रत्यक्षच असतो.

सरकार बदलल्यास नवे महाधिवक्ता नेमण्याचा प्रघात आहे, परंतु तसे बंधन नाही. २०१७ मध्ये नेमलेले आशुतोष कुंभकोणी २०१९ मधील सत्तांतरानंतरही २०२२ पर्यंत पदावर होते.

कार्ये

शासनाला कायदेविषयक सल्ला देणे व न्यायालयात शासनाची बाजू मांडणे ही मुख्य कार्ये होत. अनुच्छेद १७७ नुसार त्यांना विधिमंडळात बोलता येते, मतदान करता येत नाही. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ अन्वये खासगी व्यक्तीला उच्च न्यायालयात फौजदारी अवमानाची याचिका दाखल करण्यासाठी त्यांची लेखी संमती लागते. येथे त्यांचा निर्णय केवळ शासनाच्या वकिलाचा नसून स्वतंत्र विवेकाचा असणे अपेक्षित असते.

विदर्भ व बुलढाणा

बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. जिल्ह्यातील प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात.

विदर्भाच्या प्रश्नावरूनच या पदाच्या मर्यादेचा वाद उद्भवला. लोकनायक बापूजी अणे यांचे नातू श्रीहरी अणे यांची २०१५ मध्ये महाधिवक्तापदी नेमणूक झाली. त्यांनी स्वतंत्र विदर्भासाठी जनमत घेण्याची भूमिका मांडली. मार्च २०१६ मध्ये जालना येथे मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याचाही पुरस्कार केला. विरोधी पक्षांसह सत्तेतील शिवसेनेनेही त्यांना हटवण्याची मागणी केली. २२ मार्च २०१६ रोजी त्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला.

मतदारांनी निवडलेल्या अधिकाऱ्याला अशी भूमिका मतदारांपुढे नेता येते. मंत्रिमंडळाच्या विश्वासावर पद अवलंबून असलेल्या महाधिवक्त्यांना मात्र शासनाच्या धोरणाविरुद्ध जाहीर मत मांडून पदावर राहणे कठीण होते, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.