‘दोषी नाही’ आणि ‘निर्दोष’ : न्यायमूर्ती पाल यांचे भिन्नमत

पुण्याच्या मंडईत १९२४ पासून ज्यांचा पुतळा उभा आहे त्या लोकमान्य टिळकांवरील १९०८ चा राजद्रोहाचा खटला मराठी लेखांवरून भरण्यात आला होता. ज्यूरीचा निर्णय मात्र त्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरांवरून झाला. त्या भाषांतरांस टिळकांनी हरकत घेतली. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. निवाडा कोण करतो व कोणत्या साधनांनी करतो, हा प्रश्न त्यामुळे मराठी वाचकास अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात तोच प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर उपस्थित झाला.

१९४६ साली स्थापन झालेल्या त्या न्यायाधिकरणाचे अकराही न्यायाधीश जपानच्या विरुद्ध पक्षातील देशांचे होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये बहुमताने पंचवीसही आरोपींना दोषी ठरविले; त्यांपैकी सात जणांना फाशी झाली. भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी मात्र सर्वांना सर्व आरोपांतून मुक्त करावे, असे मत दिले.

त्यांच्या विवेचनाची सूत्रे मुख्यतः तीन होत. पहिले, जेत्यांना न्यायासन स्थापता येते, पण नवा गुन्हा निर्माण करून तो मागील कृत्यांस लावता येत नाही. १९२८ च्या पॅरिस कराराने युद्ध हा दंडनीय गुन्हा ठरला नव्हता. दुसरे, अनेक वर्षांचा व्यापक कट पुराव्याने सिद्ध झाला नाही. तिसरे, जपानी सैन्याचे अत्याचार घडले हे मान्य करूनही, ते या आरोपींच्या आज्ञेने घडले असे दिसत नाही. अणुबाँबचा निर्णय घेणारे मात्र कोणत्याच न्यायासनापुढे आले नाहीत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

‘दोषी नाही’ याचे मराठीत सहज ‘निर्दोष’ असे रूपांतर होते आणि येथेच अर्थाची गल्लत होते. पहिला शब्द आरोप, कायदा व पुरावा यांच्या संबंधाविषयी बोलतो; दुसरा व्यक्तीच्या आचरणास प्रमाणपत्र देतो. पाल यांचे मत पहिल्या प्रकारचे होय. यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ साली त्यांचे स्मारक उभारले गेले. अशा गौरवातून त्यांनी जपानच्या युद्धाचे समर्थन केले, असा ग्रह दृढ होतो. या भूमिकेने युद्ध पुकारणारे शिक्षेवाचून सुटतात, हा आक्षेप गंभीर आहे. तो घेताना पाल यांनी प्रत्यक्षात काय नाकारले, हे आधी नेमके सांगितले पाहिजे.