चौकट : गाडगीळ अहवाल – अभ्यास ते अधिसूचना

मार्च 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ समिती नेमली. समितीने गुजरात ते तमिळनाडू अशा सहा राज्यांतल्या सुमारे 1 लाख 29 हजार चौरस किलोमीटर प्रदेशावर अंदाजे नऊ किलोमीटरच्या चौकोनांची जाळी टाकली. वनस्पती-प्राणी, उंची, उतार, जंगलाची स्थिती पाहून प्रत्येक चौकोनाला गुण दिले. त्यावरून तालुके तीन संवेदनशीलता श्रेणींत विभागले. पहिल्या श्रेणीत नव्या खाणी आणि मोठी धरणे नकोत, अशी शिफारस होती.

गाजला तो बंदीचा भाग. पण अहवालाचा कणा वेगळाच होता : सीमा आणि नियम ग्रामसभांच्या सहभागातून ठरावेत. नेमके हेच फारसे कुणी वाचले नाही.

ऑगस्ट 2011 मध्ये सादर झालेला अहवाल मंत्रालयाने दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर मे 2012 मध्ये तो खुला झाला. लगेच त्याचा फेरविचार करायला अवकाशशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांची समिती आली. तिने उपग्रह-चित्रांच्या आधारे मनुष्यवस्ती, शेती, मळ्यांचा प्रदेश वेगळा काढला आणि सुमारे 37 टक्के क्षेत्रच संवेदनशील ठरवले. राजकीयदृष्ट्या ते सोयीचे होते. ग्रामसभांचा मुद्दा मात्र मागे पडला.

कस्तुरीरंगन समितीच्या अहवालावर आधारित पहिली मसुदा अधिसूचना मार्च 2014 मध्ये निघाली. मुदती संपत गेल्या, नवे मसुदे येत गेले. जुलै 2024 मध्ये निघाला तोही मसुदाच होता.