एक इंजिन, खाली समुद्र आणि जुन्नरचा डोंगर

7 जुलै 1962. मध्यरात्र नुकतीच उलटली होती, पावसाळ्याचे दिवस. सिडनीहून रोमला निघालेलं आलितालियाचं डीसी-8 विमान बँकॉकहून मुंबईकडे येताना आपल्या जुन्नरच्या डोंगरात आदळलं. 94 जण होते, एकही वाचला नाही. विमानाला चार इंजिनं होती आणि खाली पाणी नव्हतं. इंजिनाचा बिघाड हे कारणही नव्हतं. मुंबई अजून 80 किलोमीटरच्या पुढे असताना ती जवळ आली असं वैमानिकाला वाटलं आणि त्यानं अंधारात, ढगांतून विमान वेळेआधीच खाली आणलं.

एका इंजिनाच्या छोट्या विमानानं समुद्र ओलांडायचा म्हटलं की लोकांच्या छातीत धस्स होतं. भीती खोटी नाही, पण ती बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीची असते.

पहिला समज असा की पाण्यावर गेलं की इंजिन दगा देतं. इंजिनाला खाली भाताचं खाचर आहे की अरबी समुद्र, हे कळत नाही. दमट हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो हे खरं, तोही बाहेर वीस अंश तापमान असताना. पण तो भीमाशंकरच्या ढगाळ सकाळीही धरू शकतो, आणि वैमानिकानं वेळीच गरम हवा सोडली की वितळतो. पाण्यामुळे इंजिन बंद पडण्याची शक्यता वाढत नाही. बंद पडलं तर उतरायला शेत मिळत नाही, एवढाच फरक. तो मोठा आहे.

दुसरा समज, दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षितता. इंजिनं दोन झाली की त्यांतलं एखादं बिघडण्याची शक्यताही दुप्पट होते. 1927 साली अटलांटिक ओलांडताना वैमानिक लिंडबर्गनं याच हिशेबानं एकच इंजिन निवडलं होतं. छोट्या पिस्टन विमानात दोनपैकी एक गेलं की वर चढण्याची ताकद निम्मी होत नाही, जवळजवळ सगळीच जाते. उड्डाण घेताना असं झालं आणि वैमानिकाचा सराव नसला, तर विमान उलटतं. खुल्या समुद्रावर, उंचीवर असताना मात्र दुसरं इंजिन खरोखर उपयोगी पडतं, हेही सांगायला हवं. पण इंधनच संपलं तर दोन्ही बंद.

माझ्या मते खरा प्रश्न उंचीचा आहे. सेसना 172 या एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं कोसळत नाही; एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे तरंगत जातं. म्हणजे दहा हजार फुटांवरून सुमारे 27 किलोमीटर, तेरा-चौदा मिनिटं. हजार फुटांवरून जेमतेम पावणेतीन किलोमीटर. मुंबईच्या गेटवेपासून समुद्रापलीकडच्या मांडव्यापर्यंत सरळ रेषेत चौदा-पंधरा किलोमीटर आहे. तीन हजार फुटांवर असाल, तर वारा फार विरोधात नसताना मध्यावरूनही कुठला तरी किनारा गाठता येतो. हजार फुटांवर असाल, तर पाण्यातच उतरावं लागेल. देखावा दिसावा म्हणून खालून उडणं म्हणजे हातातली मिनिटं फेकून देणं. मे 2019 मध्ये बोरिवलीच्या आरोही पंडितनं छोट्याशा ‘माही’ विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडला, तेही एकाच इंजिनाचं, पण पंख ग्लायडरसारखे लांब, म्हणजे तरंगत जास्त दूर जाणारं.

पाणी शांत असलं की उतरणं सोपं, हाही एक समज. वारा पडलेल्या सकाळी डिंभे धरणाच्या काठी उभं राहून पाहा. डोंगर पाण्यात जसाच्या तसा उलटा दिसतो आणि पाण्याचा पृष्ठभाग नेमका कुठे, ते डोळ्यांना सापडत नाही. वरून येणाऱ्या वैमानिकाचीही हीच गत होते. पाणी अजून खाली आहे असं वाटत असतानाच विमान टेकतं. थोडी झुळूक, थोड्या लाटा असलेल्या बऱ्या.

आणि पाण्यात उतरलं म्हणजे मेलं, असंही नाही. छोटी विमानं पाण्यावर उतरतात तेव्हा बहुतेक लोक त्या धक्क्यातून वाचतात. घात होतो तो नंतर: दार अडकतं, लाइफ जॅकेट सापडत नाही, शोधणाऱ्यांना माणूस दिसत नाही. अरबी समुद्राचं पाणी उबदार, त्यामुळे गारठण्याआधी बराच वेळ मिळतो. तो वेळ कामी यावा म्हणून 406 मेगाहर्ट्झचा संकटसंदेश देणारं यंत्र अंगावर हवं, विमानात मागे ठेवलेल्या पिशवीत नको.

23 नोव्हेंबर 1996 ला अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं दोन इंजिनांचं विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरलं. 175 पैकी 125 दगावले. त्यांतल्या अनेकांनी जॅकेट विमानातच फुगवलं होतं. पाणी आत शिरल्यावर ते छताला अडकले.

2014 मध्ये जुहूहून सी-प्लेन सुरू झालं होतं, 2017 मध्ये गिरगाव चौपाटीवर एका इंजिनाच्या सी-प्लेनची चाचणी झाली. कधी अशा विमानात बसलात, तर जॅकेट आधीच अंगावर चढवा, दाराची कडी कशी उघडते ते हात लावून पाहा, आणि जॅकेट दाराबाहेर पडल्यावरच फुगवा.