शेतातील धामण : कात की दुखणे?

हिंगोली जिल्ह्यातील हळद व सोयाबीनच्या शेतांत वावरणारी धामण बिनविषारी असून उंदरांचा फडशा पाडते. तिचा जीव वाचविणे हे पीक वाचविण्यासारखेच आहे.

धामण बांधाशी सुस्त पडलेली, डोळे दुधाळ व कातडी निस्तेज झालेली दिसल्यास ती आजारी असल्याचा समज होतो. वस्तुतः ही बहुधा कात टाकण्यापूर्वीची अवस्था होय. काही दिवसांत डोळे निवळतात व कात उतरते. या काळात दृष्टी मंदावल्याने साप लवकर बिथरतो. त्यास डिवचू नये. उपचाराचीही गरज नसते.

मात्र नांगराच्या फाळाची उघडी जखम, मागील अंग लुळे पडणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा जाळ्यात अडकणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास पशुवैद्याची मदत आवश्यक ठरते. अशा वेळी साप धामणच आहे असे गृहीत धरून हात लावू नये. दुरून नजर ठेवून वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. जखमेत हळद भरू नये व दूध पाजू नये. दूध हे सापाचे अन्न नव्हे. साप घरी बाळगणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.